सिंधूचं खरं वजन

मूल कसं वाढवावं, हे मला कुणी शिकवू नये! अख्ख्या दुसरबीडात बालसंगोपनावरचं पुस्तक असलेलं घर एकच, आणि ते आमचं. यांनी पुण्याहून मागवलेलं. दात येण्याचं प्रकरण तर मला पाठ होतं.

खरं म्हणजे सिंधू झाली तेव्हा पुस्तकाची गरजच पडली नव्हती. माझी आई देऊळगाव राजाहून मोटारीनं यायची, स्टँडवरच नातीला कडेवर घ्यायची आणि घरापर्यंत चालत यायची. वाटेत कुठे हात बदलावा लागला, यावर तिचा निकाल! सुरुवातीला घर येईपर्यंत एकच हात पुरायचा. शेवटच्या खेपेला ती मारुतीच्या पारापाशी थांबली, सिंधूला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "जड झाली गं पोरगी. आता काळजी नाही."

पौषात आई गेली. मग काळजी आली, आणि मी ती पुस्तकावर सोपवली.

पुस्तक म्हणत होतं, मुलाचं दर महिन्याला वजन करा. घटल्यास ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. 'ताबडतोब' जाड ठशात होतं. तो शब्द मला भिंतीवरच्या पालीसारखा वाटायचा. पान उघडलं की आहेच!

काटा शेषरावशेठच्या दुकानी, स्टँडसमोर. माघात शेठनी हसत हसत सिंधूला गुळाच्या पारड्यात बसवलं. साडेआठ किलो! किलो तेव्हा नवे होते, आणि माझ्या सासूबाईंना, सोजराबाईंना, ते मुळीच मान्य नव्हते.

"शेरात सांग," त्या म्हणाल्या. "किलोत पोरगी परकी वाटते."

फाल्गुनात गेले तर दुकानात ही गर्दी! शेठ गल्ल्यावर अडकलेले. म्हणून मी सरळ मागच्या आवारात गेले. तिथे पुंजाजी नावाच्या शेतकऱ्याची तूर शेठसाठी तोलणं चाललं होतं. हमालानं पोतं उतरवलं आणि पारड्यात सिंधूला ठेवलं.

पावणेआठ.

"पुन्हा तोला!"

पावणेआठच! मी तुरीच्या ढिगावरच बसले.

"काय झालं व बाई?" पुंजाजींनी विचारलं.

"पोरगी घटली हो!"

"काऊन? खाते नाई का?"

"सगळं खाते!"

"मंग जाते कुठी?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पाऊण किलो पोर जातं कुठे? मी तिचे दंड चाचपले, मांड्या चाचपल्या. वाळेसुद्धा पायात होते. गाल नेहमीसारखे फुगलेले, आणि ती तुरीचे दाणे तोंडात घालायच्या खटपटीत. म्हणजे ही आतून झिजत असणार!

बघता बघता आवार भरलं. एक म्हणाला जंत, दुसरा म्हणाला दृष्ट, तिसऱ्यानं मलाच कांदा हुंगवला. कुणीतरी घरी निरोप पोचवला असावा. सोजराबाई मुठीत मीठ-मिरच्या घेऊन धावत आल्या.

"म्या म्हटलं होतं, किलोत तोलू नको!"

पुंजाजींनी बैल जुंपायला घेतले. "चाल बाई, देऊळगावच्या दवाखान्यात नेतो. माही तूर राहू दे इथंच!"

एवढा गलका ऐकून शेठ मागे आले. पारड्यात कोण आहे ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"वैनी, काही झालं नाई. तुम्ही घरी जा."

"पाऊण किलो घटली, शेठ!"

"काट्यात फरक असंल."

"मापांवर सरकारी छाप आहे. फरक कसा असेल?"

शेठ गाडीच्या वाटेत आडवे उभे राहिले.

"शेठ, बाजूले व्हा, गाडी काढू द्या!" पुंजाजी ओरडले.

आईच्या वेळीही मी चारचौघांत रडले नव्हते. त्या आवारात मात्र रडू आवरेना. शेठनी माझ्याकडे पाहिलं, तुरीकडे पाहिलं, पुंजाजींकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग वाकून पुटपुटले, "रडू नका, वैनी. पोरगी ठणठणीत हाये. मागच्या महिन्यात तोलली ते द्यायचं माप होतं. हे घ्यायचं."

माझा जीव भांड्यात पडला. तिथेच थांबायला हवं होतं! पण वाचणाऱ्या माणसाला शंका अर्धी ठेववत नाही. मी डोळे पुसले आणि चांगल्या मोकळ्या आवाजात विचारलं, "म्हणजे घ्यायचं माप जड आणि द्यायचं हलकं? छाप एकच?"

आवारात सगळं थांबलं. बैलसुद्धा.

"हाव काय, शेठ?" पुंजाजींनी अगदी हळू विचारलं.

मग काय! पोती परत गाडीत चढू लागली. समोरची गिऱ्हाइकं साखरेच्या पुड्या नाचवत मागे आली. सोजराबाईंनी मिठाची मूठ शेठच्या नाकासमोर धरली.

"तरीच! मी म्हणू, आमचा चहा फिक्का काऊन लागते! सुनेच्या हाताले नावं ठेवत होती मी!"

"वैनी," शेठ कळवळून म्हणाले, "दुकानाले कुलूप लावलं तुम्ही!"

"ते राहू द्या हो. खऱ्या मापानं सिंधूचं वजन किती, तेवढं सांगा."

शेठनी कपाळाला हात लावला.

"खरं माप दुकानात नाई, वैनी!"

सिंधूला कडेवर घेऊन मी घरची वाट धरली. सोजराबाई मागून म्हणाल्या, "दे इकडं, मी घेतो." मी दिली नाही. पिठाच्या गिरणीपाशीच हात भरून आला. मारुतीचा पार अजून पुढे होता. मी थांबले आणि तिला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"जड झाली गं," मी म्हणाले.

"कोणाले म्हणतं?" सोजराबाईंनी विचारलं.

"कुणाला नाही."

तरी घरी गेल्यावर पुस्तक उघडलंच! एकाच कडेवर फार वेळ घेतलं तर मूल वाकडं होतं का, एवढं फक्त पाहायला. जाड ठशात काही नव्हतं.