व्याघ्रश्वास आणि करवंटी

एका जंगलात ट्रक होते.

बाळांनो, जंगलात ट्रक कुठून आले, असे विचारू नका. तिथले प्राणी बोलतात हे तुम्ही मुकाट्याने मान्य करणारच आहात. मग शंका एकट्या डिझेलवरच का?

तर त्या जंगलात गबाजी नावाचे एक अस्वल होते. त्याच्या ट्रकच्या मागे ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘वाऱ्याशी शर्यत’. प्रत्यक्षात ही शर्यत हडक्या घाटातल्या कासवाशी होत असे. शेवटच्या वळणावर कासव मागे वळून हात करी आणि पुढे निघून जाई.

गबाजीला एक थोरली बहीण होती. तिचे नाव भागाआक्का. मोठ्या वडाखाली जे विद्यापीठ भरे, तिथे ती मापनशास्त्र शिकली होती. कोणी म्हणाले, “आज फार उकडतंय,” तर आक्का विचारी, “कशाच्या मानानं?” त्यामुळे तिला लग्नाकार्याची आमंत्रणे येत नसत. जे मोजून पाहिलेले नाही ते विधान तिने आयुष्यात कधी केले नव्हते. भावावर मात्र तिचा जीव होता. तो तिने मोजला नव्हता. म्हणून ती त्याविषयी काही बोलतही नसे.

एके दिवशी वाघमहाराजांनी दवंडी पिटवली. महाराजांना दमा होता, म्हणून दवंडी छोटी होती. पुनवेला सर्व ट्रकांनी भरल्या मालानिशी हडक्या घाट चढावा. जो न थांबता आणि सर्वांत कमी डिझेलमध्ये चढेल, त्याला मोहाच्या फुलांची वाहतूक मिळेल. उरलेल्यांनी तरसाच्या गोदामात हाडे पोचवावीत.

आता अस्वल आणि मोह यांचे नाते तुम्हांला ठाऊक नसेल, तर कोणत्याही अस्वलाला विचारा. जवळून मात्र विचारू नका.

“आक्का, मोह!” गबाजी गोल गोल फिरत म्हणाला. “दिवसभर माझ्या पाठीशी मोह! मी नुसता वास घेत गाडी हाकीन!”

“आणि हाडं वाट्याला आली तर?”

गबाजी थांबला. त्याचा खालचा ओठ लोंबू लागला. “तर मी नाकाला बूच मारीन आणि गाणं म्हणणं सोडीन.”

आक्काने त्या ओठाकडे पाहिले आणि तिला वाटले, काहीही झाले तरी हा मोह याला मिळालाच पाहिजे. ‘काहीही झाले तरी’ हा शब्दप्रयोग ढिसाळ आहे, हे तिच्या लगेच लक्षात आले. पण तो तिने मागे घेतला नाही.

त्याच जंगलात एक मुंगूस राहत असे. मुंगसाचे तोंड दिसणे शुभ असते, हे तुमच्या आजीने तुम्हांला सांगितले असेलच. एवढ्याच भांडवलावर त्याने दुकान थाटले होते. दुकानाचे नाव ‘शुभदर्शन ऑटो’. गिऱ्हाईक आले की तो आधी तोंड दाखवी, मग माल.

“गबाजीराव, तुमचा ट्रक घाटात धापा टाकतो की नाही?”

“टाकतो हो!”

“मग! त्याला श्वास पुरत नाही.” मुंगसाने लालभडक पत्र्याची एक नळी पुढे केली. “हा व्याघ्रश्वास. इंजिनात हवा जाते ना, तिथं बसवायचा. आत पाती आहेत. हवा गरगर फिरत आत जाते. फिरलेली हवा ताकदीची असते. पिकअप वाढतो, ॲव्हरेज वाढतं, आणि वर वाघासारखी गुरगुर फुकट.”

“हवा फिरवायला ताकद कोण पुरवतं?” आक्काने विचारले.

“इंजिन पुरवतं, ताई.”

“म्हणजे इंजिनाची ताकद काढून इंजिनाला ताकद द्यायची.”

“बरोब्बर!” मुंगसाचा चेहरा उजळला. “शिकलेल्या माणसाला समजावत बसावं लागत नाही!”

गबाजीने पावसाळ्यासाठी जपलेली मधाची सगळी पोळी मुंगसाला दिली आणि नळी छातीशी धरून घरी आणली.

आता त्या जंगलातला एक रिवाज सांगायला हवा. ट्रकला कोणतीही नवी वस्तू लावली की तिची पहिली फेरी ही मुहूर्ताची खेप. त्या दिवशी ट्रकला न्हाऊमाखू घालायचे. टायर टणक होईतो हवा भरायची. एअर फिल्टर काढून झटकायचा. माल निम्माच भरायचा, कारण नव्या वस्तूवर पहिल्याच दिवशी ओझे टाकणे बरे दिसत नाही. आणि गाडी अशी हाकायची, जशी नवी नवरी बैलगाडीतून आणतात. डिझेलही त्याच दिवशी मोजायचे. एरवीच्या खेपांना डिझेल मोजले तर दृष्ट लागते.

गबाजीने फिल्टरचा डबा उघडला. आतून कित्येक उन्हाळ्यांची धूळ बाहेर आली आणि तिच्यामागोमाग एक वटवाघूळ.

“काय चाललंय?” वटवाघूळ उलटे लटकूनच ओरडले. “आम्ही इथले जुने भाडेकरू आहोत!”

“भाडं कधी दिलंत?” गबाजी म्हणाला.

“कधीच नाही. यावरून किती जुने ते ओळखा!”

गबाजीने वटवाघळाला बाहेर काढले, फिल्टर झटकला, नळी बसवली, नारळ फोडला आणि निघाला. ट्रक गुरगुरला. घाटातल्या वळणावर कासवाने सवयीने मागे वळून हात केला, तर मागे कोणीच नव्हते. ट्रक पुढे निघून गेला होता! डिझेलही इतके उरले की गबाजीने डबा डोक्यावर घेऊन नाच केला आणि उरलेले सांडून टाकले.

झाले! जंगलात एकच गर्दी उसळली. रानगव्याने व्याघ्रश्वास घेतला. हत्तीने घेतला. माकडाकडे ट्रक नव्हता, त्यानेही घेतला. ज्याने त्याने मुहूर्ताची खेप केली आणि ज्याचे त्याचे ॲव्हरेज वाढले.

पुढच्या खेपांना ट्रक पुन्हा धापा टाकू लागले. त्याची चर्चा कोणी केली नाही. दृष्ट लागली असती. कोणी हळूच मुंगसाकडे गेलाच, तर मुंगूस तोंड दाखवी आणि म्हणे, “वस्तू अंगवळणी पडली हो. आता हिच्या जोडीला दुसरी लावा.” मग दुसरी नळी, दुसरा मुहूर्त, दुसरा नारळ. हत्तीच्या ट्रकला अखेर इतक्या नळ्या झाल्या, की घरचेही हत्तीऐवजी ट्रकलाच जेवायला हाक मारू लागले.

आक्काने भावाला समोर बसवले.

“गबा, नळी लावलीस त्या दिवशी आणखी काय काय केलंस?”

“काही नाही. फक्त गाडी धुतली, टायर भरले, फिल्टर झटकला, माल निम्मा घेतला आणि पाय हलका ठेवला.”

“मग ॲव्हरेज कशानं वाढलं?”

“नळीनं,” गबाजी म्हणाला आणि त्याने आक्काकडे कीव करून पाहिले.

आक्काने ठरवले, आता प्रयोगच करायचा. तिने चुलीजवळची एक नारळाची करवंटी उचलली, तिला कुंकू लावले आणि व्याघ्रश्वास उतरवून ती ट्रकच्या बॉनेटवर सुतळीने बांधली. टाकीला नाही, इंजिनाला नाही. नुसती वर. जंगलाला तिने सांगितले, “ही नवी वस्तू.” रिवाजाप्रमाणे मुहूर्ताची खेप झाली. ॲव्हरेज व्याघ्रश्वासाइतकेच भरले. केसभरही कमी नाही.

सगळे प्राणी जमले. आक्का दगडावर उभी राहिली.

“ऐका. ही करवंटी कशालाही जोडलेली नाही. तरी ॲव्हरेज तेवढंच आलं. म्हणजे गुण नळीचा नव्हता. साफ फिल्टरचा होता, भरल्या टायरचा, निम्म्या मालाचा आणि हलक्या पायाचा. चोंदलेलं नाक मोकळं केलं की श्वास येतो. मोकळ्या नाकात नळी घालून काय मिळणार?”

सगळ्यांच्या नजरा करवंटीवर खिळल्या. आक्काला वाटले, हाच तो क्षण, ज्यासाठी माणूस शिकतो.

मग माकड किंचाळले, “म्हणजे करवंटीसुद्धा चालते!”

“आणि जोडावीही लागत नाही!” रानगवा डुरकला.

“बाई गं, जोडल्याशिवाय एवढं,” हत्तीण म्हणाली, “तर जोडल्यावर किती!”

संध्याकाळपर्यंत जंगलात एकही नारळ शाबूत राहिला नाही. मुंगसाने दुकानावर नवी पाटी लावली : ‘अस्सल करवंटी, आक्का छाप. नकलांपासून सावध राहा.’

पुनव उजाडली. सगळे ट्रक घाटाच्या पायथ्याशी उभे राहिले. भरलेले, करवंट्यांनी मढलेले, धुळीने माखलेले. कारण आज नवी वस्तू नव्हती, म्हणून मुहूर्त नव्हता, म्हणून फिल्टर झटकण्याचे कारण नव्हते. गबाजीने तर करवंटीच्या जोडीला व्याघ्रश्वासही परत चढवला होता. फिल्टरच्या डब्यात वटवाघूळ सहकुटुंब परतले होते.

“गबा, फिल्टर झटक.”

“करवंटी आहे ना!”

“टायर बसलेत बघ.”

“आक्का, तू शिकलेली, मान्य. पण गाडीतलं तुला काय कळतं?” गबाजीने ट्रक जागच्या जागी गुरगुरवला. धुराचा काळा लोट उठला. “ऐकलीस ताकद? आज पाय असा दाबतो ना—”

तेवढ्यात माथ्यावरून वारा आला. वाऱ्यात मोह होता. गबाजीचे नाक थरथरले, डोळे मिटले, आणि खालचा ओठ, बाळांनो, अगदी लहान पिलासारखा हलला.

आक्काने तो ओठ पाहिला. तिच्या मनात एका बाजूला सारे मापनशास्त्र होते आणि दुसऱ्या बाजूला हाडे ओढणारा, गाणे सोडलेला गबा. तिने दीर्घ श्वास घेतला.

“गबा,” ती गंभीरपणे म्हणाली, “करवंटीचं पथ्य पाळलंस का?”

“पथ्य?” गबाजीचे डोळे फाटले. “पथ्य असतं?”

“म्हणजे काय! धूळ दिसली की ती रुसते. मऊ टायर तिला सोसत नाहीत. पाय जोरात दाबलास तर तिला घेरी येते.” आक्काने व्याघ्रश्वासाकडे पाहून आवाज खाली आणला. “आणि सवत तर मुळीच चालत नाही.”

“अगं, मग आधी सांगायचं नाही का!” गबाजी ओरडला.

नळी झुडपात गेली. फिल्टर असा झटकला गेला, की वटवाघूळ पलीकडच्या झाडावर जाऊन लागले. टायर टणक झाले. करवंटीला घेरी येऊ नये म्हणून गबाजी पाऊल इतके जपून टाकू लागला, जणू पेडलखाली अंडे आहे.

आणि ट्रक चढला. भरल्या मालानिशी, न थांबता, कासवाला मागे टाकून. रानगव्याचा ट्रक पहिल्याच वळणावर खोकून बसला. हत्तीचा ट्रक हत्तीलाच ढकलत न्यावा लागला. सर्वांत कमी डिझेल गबाजीला लागले. मोह गबाजीचा झाला! त्याने माथ्यावर तीन कोलांट्या घेतल्या आणि फुलांच्या ढिगात डोके खुपसले.

वाघमहाराजांनी धापा टाकत विचारले, “रहस्य... काय?”

“करवंटी!” ढिगाच्या आतून आवाज आला.

आक्का पुढे झाली. तिचे कान लाल झाले होते. “महाराज, मी खोटं बोलले. करवंटी काहीही करत नाही. पथ्यसुद्धा मी रचलं. गुण फक्त साफसफाईचा आणि हलक्या पायाचा आहे.”

लगेच टाळ्यांचा कडकडाट झाला.

“काय ही नम्रता!” हत्तीण डोळे पुसत म्हणाली.

“शोध लावायचा आणि श्रेय घ्यायचं नाही!” माकडाने उडी मारली.

“खऱ्या करवंटीची हीच खूण आहे,” मुंगूस म्हणाला. “बनावट करवंटीवाले कधी असं बोलायचे नाहीत.”

महाराजांनी तिथल्या तिथे एक करवंटी गळ्यात बांधून घेतली. पथ्य म्हणून धुळीत लोळणे सोडले आणि चालताना दमाने चालू लागले. दमा बराच उतरला. आक्काला राजवैद्याचे पद मिळाले. ते नाकारण्याची तिने जितकी कारणे दिली, तितका तिचा पगार वाढला.

वटवाघळाने मात्र फिल्टरचा डबा कायमचा सोडला. ते सहकुटुंब बॉनेटवरच्या करवंटीत राहायला आले. हवेशीर होती, झाकलेली होती, आणि भाडे इथेही नव्हते.

म्हणून आजही कोणी विचारले, “आक्का, खरं सांगा, करवंटीचा काही उपयोग होतो का?” तर ती त्या बिऱ्हाडाकडे पाहते, नीट विचार करते आणि म्हणते, “एका कुटुंबाच्या बाबतीत सिद्ध झालं आहे.”

तात्पर्य : बाळांनो, सत्य घाट चढतेच. फक्त निघण्यापूर्वी त्याच्या बॉनेटवर करवंटी बांधायला विसरू नका.