बाजाराच्या भिंतीवरचा माझा चेहरा

"ओकोतलानच्या बाजाराच्या भिंतीवर एकच थोबाड शोभेल, ते माझं!" वाळक्या मिरच्यांचा ढीग लावता लावता मी जाहीर करून टाकलं.

शेजारची, टर्की कोंबडे विकणारी होविता फस्सकन हसली. "चोनभाऊ, त्यापेक्षा माझा हा टर्की बरा दिसतो!"

"लाव पैज! चित्रात माझा चेहरा नसला, तर आपल्याकडे लग्नात टर्की घेऊन नाचतात ना, तसा तुझा हा कवेत घेऊन भर चौकात नाचेन!"

मेक्सिकोतल्या आमच्या या गावात नोएमी नावाची चित्रकार पोरगी आली होती. फोटो काढायची, भराभर रेखाटायची, आणि त्यावरून बाजाराच्या दारातली भिंत रंगवणार होती. मी मिशांना मेण लावलं, लग्नातली हॅट चढवली आणि खुर्चीत असा बसलो, की चौकातला पुतळासुद्धा माझ्यापुढे चुळबुळ्या वाटावा! हलायचं नाही, बोलायचं नाही.

इथेच घोळ झाला. मला गप्प बसलेला या बाजारात कुणी पाहिलाच नव्हता!

"अगं, चोन बोलत का नाही?" टोमॅटोवाली ओरडली. "नाकावर माशी बसलीय, तीही हाकलत नाही!"

"गेला गं!" होविताने हंबरडाच फोडला.

झालं! बायका जमल्या. कुणी पायाशी मेणबत्ती लावली, कुणी झेंडू वाहिले. ओरडणार होतो, पण नोएमी नेमकी समोर वही उघडून बसलेली! हललो की चित्र गेलं.

"मेला चावट होता, पण मूठभर मिरच्या जास्तच घालायचा!"

"माझा नवरा आजारी होता, तेव्हा आमचं दुकान यानंच सांभाळलं हो!"

खोटं कशाला सांगू, डोळ्यातून टपकन एक थेंब!

"बघवत नाही गं बाई!" म्हणत होविताने आपली शाल माझ्या तोंडावर टाकली. तेवढ्यात नोएमीचा कॅमेरा, क्लिक!

शालीत टर्कीची पिसंच पिसं. "आऽऽक्छी!"

अशी पळापळ उडाली म्हणून सांगू! टोमॅटोवाली टोपलीसकट बटाट्यांवर! होविता मात्र पोट धरून हसत होती. "तुझी ढेरी हलताना मला मघापासून दिसत होती!"

नोएमीने चित्र दाखवलं. रडणाऱ्या बायका, झेंडू, टर्की आणि मधोमध शालीखाली एक गाठोडं. गाठोड्याला माझे बूट!

"काका, भिंतीवर हेच रंगवणार! एका माणसासाठी इतकी माणसं रडताना मी कधी पाहिली नाहीत."

म्हणजे चेहरा शालीखालीच राहिला, मी पैज हरलो!

संध्याकाळी चौकात बँड वाजला. टर्की कवेत घेऊन मी नाचलो. माझ्यासाठी रडलेल्या सगळ्या बायका आता टाळ्या पिटत होत्या. "नोएमी, आता तरी काढ गं फोटो!" मी ओरडलो. तिने काढला, आणि टर्कीने नेमका त्याच क्षणी माझ्या तोंडासमोर पंख पसरला!

भिंतीच्या कोपऱ्यात तेही रंगवलंय. माझी फक्त हॅट दिसते. टर्की मात्र, होविता म्हणाली होती तस्साच, बरा दिसतो.