जोडपानांची साक्ष

गुणाजीने लिहिलेलं ग्रंथपरीक्षण शेवडेमास्तर वर्गात मोठ्याने वाचत होते आणि दत्ताराम नखाने बाकाची कड खरवडत होता. गुणाजी मिरकरवाड्यातला. रोज सकाळी बापाबरोबर होडीतली मासळी उतरवून, कसेबसे हात धुऊन शाळेत यायचा. अशा पोराच्या लिखाणाला मास्तर दर चार ओळींनी 'वा!' म्हणत होते. गेल्या साली हे सगळे 'वा' दत्तारामच्या वाट्याचे होते. यंदा तर मास्तर मंडणगडच्या किल्ल्यावर संशोधनाचा निबंध लिहिणार होते आणि ज्याचं परीक्षण उत्तम, त्या एकाच विद्यार्थ्याला तिकडे बरोबर नेणार होते. आपलीच निवड होणार असं दत्तारामने घरी सांगून टाकलं होतं. आईने वाटेसाठी लाडूसुद्धा वळून ठेवले होते आणि तेही त्याने वर्गभर सांगितलं होतं.

मधल्या सुट्टीत त्याने गुणाजीने परीक्षण लिहून परत केलेलं पुस्तक कपाटातून काढलं. किल्ल्यांवरचं जाडजूड पुस्तक, यंदाच खाकी वेष्टण चढवलेलं. त्या काळी पुस्तकं छापखान्यातून जोडपानांची यायची. वाचणाऱ्याने सुरीने कडा कापत पुढे सरकायचं. ह्या पुस्तकाची पहिली सोळा पानं कापलेली होती आणि पुढची तीनशे जशीच्या तशी जोडलेली. दत्तारामला इतका आनंद परीक्षेत पहिला आल्यावरही झाला नव्हता.

सुट्टी संपताच तो उभा राहिला. "मास्तर, गुणाजीने पुस्तक वाचलेलंच नाही. सोळा पानांवर सगळं परीक्षण ठोकून दिलंय."

मास्तरांनी पुस्तक चाळलं आणि गुणाजीकडे पाहिलं. गुणाजी उठला.

"सगला वाचलाय, मास्तर. पन सुरी लावू नये असा आत लिवलाय. मग ताजा हाय का म्हनून बांगड्याचा कल्ला उचलून बगतो ना, तसा एकेक पान फुगवून आत बगितला."

पुस्तकाच्या आत खरोखरच शाळेची चिठ्ठी होती: पुस्तकास सुरी, कात्री अगर शाई लावू नये. पुस्तक फाडू नका, एवढंच मास्तरांना म्हणायचं होतं. ते विचारात पडले.

"तू सुरी लावली नाहीस, तर ही सोळा पानं कापली कोणी?"

गुणाजीला ते ठाऊक नव्हतं. मास्तरांनी नोंदवही उघडली. ह्या पुस्तकापुढे दोनच नावं होती: यंदा गुणाजी आणि गेल्या साली दत्ताराम.

ती सोळा पानं गेल्या साली दत्तारामनेच कापली होती. सोळा पानांच्या ओळखीवर, तेही नव्या वेष्टणात, त्याला पुस्तक ओळखू आलं नव्हतं. मास्तरांना मात्र त्याचं गेल्या सालचं परीक्षण आठवलं. 'शेवटच्या पानापर्यंत हातातून खाली ठेववत नाही,' असं त्यात लिहिलं होतं आणि मास्तरांनीच त्याला दहापैकी नऊ दिले होते. त्यामुळे तेही जरा लाल झाले.

त्यांनी निकाल दिला तो असा: दत्तारामने शाळा सुटल्यावर बसून सगळी पानं कापायची. आणि गुणाजीने खरंच वाचलं की घरच्यांकडून किल्ल्यांच्या गोष्टी ऐकून लिहिलं, ह्याचा पुरावा नाही, तेव्हा मंडणगडला ते एकटेच जातील. दत्तारामला ही शिक्षा गोडच वाटली. आपण नाही तर नाही, पण तोही नाही.

संध्याकाळी तो बांबूच्या पातीने पानं कापत बसला. दोनशे बारावं पान उघडलं आणि त्याचे डोळे चमकले. मंडणगडच्या नकाशावर माशाचा एक चंदेरी खवला चिकटलेला होता. शाळेचं पुस्तक घाण केलं! तो धावतच मास्तरांच्या खोलीत गेला.

"बघा मास्तर, गुणाजीचे प्रताप. हा खवला त्याच्याच हाताचा. दुसऱ्या कुणाचा असणार?"

मास्तरांनी चष्मा लावून खवला बघितला. "हे पान जोडलेलं होतं?"

"होय मास्तर, आत्ताच मी माझ्या हाताने कापलं."

"मग खवला आत गेला कसा?"

दत्तारामने पुढचं न कापलेलं पान बोटाने फुगवून आत पाहिलं. मास्तरांनी कागद ओढून मंडणगडच्या निवडीखाली गुणाजीचं नाव लिहिलं आणि टाक दत्तारामच्या हातात दिला.

"इथे खाली," ते म्हणाले, "साक्षीदार म्हणून सही कर. आणि घरी लाडू झालेत म्हणे, तेही उद्या गुणाजीकडे दे."