गेनूभाऊ आणि अमेरिकेतली वाटणी

पिंपळवंडीचे गेनूभाऊ कुणाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेले, की जेवणाआधी खिशातून मोजणीची फीत काढून हॉल मोजायचे. मग यजमानाला जवळ बोलावून समजुतीनं सांगायचे, "उद्या भाव-भाव येगळं झालं, तर मधली भित हितून घ्या. खिडकी धाकट्याकडं जाती, पर विलाज न्हाई."

तरीही आसपासच्या गावांत वाटणी निघाली की बोलावणं त्यांनाच. त्यांची रीत ठरलेली. वाटे थोरल्यानं पाडायचे, पहिला वाटा धाकट्यानं उचलायचा आणि त्या दिवशी प्रत्येक हिस्सेदार समोर हवा. कुणी मुंबईला असो की सुरतेला, तो आल्याशिवाय फीत खिशातून निघत नसे.

त्यांचा एकुलता एक मुलगा सुनील अमेरिकेत कॉम्प्युटरच्या एका अवाढव्य कंपनीत होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात गेनूभाऊ एकटेच. सुनीलला पगाराबरोबर कंपनीचे शेअर मिळत. ते चांगले वाढले की विकून कायमचं गावी यायचं, असा त्याचा शब्द होता. नारायणगावात माझा टायपिंगचा क्लास आणि एसटीडी बूथ होता. दर रविवारी त्याचा फोन तिथं यायचा. गेनूभाऊ तासभर आधी येऊन बसायचे आणि वेळ जात नाही म्हणून माझं टेबल मोजायचे.

मग अमेरिकेच्या सरकारनं त्या कंपनीवर खटला भरला. मी इंग्रजी पेपर वाचून त्यांना सांगितलं, की बहुतेक कॉम्प्युटर ज्या प्रोग्रॅमवर चालतात तो हिचाच, आणि त्या जोरावर ती दुसऱ्याचा माल चालू देत नाही असा आरोप आहे. गेनूभाऊंना ते माझ्याआधी कळलं. "म्हंजी शिवारात जायची वाट त्याची, आन दुसऱ्याची गाडी आली का आडवा पडतोय. आसली भांडनं मी लई मिटवल्यात, मास्तर."

खटला कंपनीच्या अंगाशी येत गेला तसे शेअर उतरत गेले. आत्ता विकले तर मातीमोल, यंदा जमत नाही, असं सुनील म्हणाला. पुढच्या वर्षीही तेच म्हणाला. मला त्या कोर्टाचा संताप यायचा. गेनूभाऊ शांत असायचे. ह्या माणसाला पोराची ओढच नाही, असं मला वाटायचं.

शेवटी जज्जनं हुकूम दिला, कंपनीचे दोन भाग करा. शेअर आणखी घसरले आणि गेनूभाऊ खुशीत बूथवर आले. त्यांनी मला जज्जला पत्र लिहायला सांगितलं. थोरली कंपनी कोणती ते आधी ठरवा, धाकटीला पहिला वाटा उचलू द्या, मोजणीला मी येईन, फक्त पासपोर्ट नाही. मी हसत हसत टाइप केलं आणि ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. इकडे त्यांनी घराला चुना दिला, सुनीलची खाट नव्यानं विणून घेतली. रोज पोस्टमनला अडवून कोर्टाची नोटीस आली का विचारू लागले. म्हातारा भ्रमिष्ट झाला, असं लोक बोलायला लागले.

वरच्या कोर्टानं तो हुकूम रद्द केला तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. कंपनी अखंड राहिली, आता शेअर सावरतील, असं सांगितलं. त्यांनी पेढा हातातच धरला.

"म्हंजी वाटनी न्हाई?"

"नाही."

"मंग नोटीसबी येनार न्हाई."

कसली नोटीस, मी विचारलं.

"सुनील त्यातला हिस्सेदारच हाय की. कोर्टाची नोटीस गावच्या घरी येती, दाराला चिकटवत्यात. त्याला जमत न्हाई म्हनता येत न्हाई, मास्तर. वाटनीला समद्यांना यावंच लागतं."

तिकडे असे हिस्सेदार लाखांनी असतात आणि कुणालाच कुणी बोलावत नाही, हे सांगायची माझी छाती झाली नाही. चुन्याचा वास अजून घरात होता. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

पुढे शेअर सावरले. सुनीलनं ते विकले आणि तिकडेच घर घेतलं. फोनवर गेनूभाऊंनी रागाचा शब्द काढला नाही. हॉल किती फूट, एवढंच विचारलं. फोन ठेवून त्यांनी फीत काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि तेवढे फूट मोजत, मागे मागे सरकत बूथबाहेर रस्त्यापर्यंत गेले.

मधली भिंत कुठून, ते आता सांगतील म्हणून मी थांबलो होतो.

"लई मोठा हाय," ते तिकडून म्हणाले. "मास्तर, ह्यात माजी एक खाट बसंल ना?"

बसेल म्हणालो. फीत गुंडाळायला ते बराच वेळ आलेच नाहीत.