मयताला च्या लागंल का?

आमचे दत्तूमामा रविवारी मरायचे. न्याहारी झाल्यावर, उपाशीपोटी मरणं त्यांना पसंत नव्हतं. पडवीत घोंगडी अंथरून आडवे व्हायचे, तोंडावर टॉवेल घ्यायचे आणि आतूनच हुकूम सोडायचे, "म्या गेलो. आता वाटणी बोला."

हेतू थोर होता. बापाचं तेरावं व्हायच्या आत भाऊ भाऊ तहसीलला पोचलेले त्यांनी पाहिले होते. आपल्या पोरांची भांडणं आपल्या देखतच उरकावीत आणि मग निवांत मृत्युपत्र करावं, असा बेत. थोरला सुरेश पुण्यात टेम्पो चालवतो, धाकटा रमेश वेल्ह्याजवळच्या वाडीतच मामांबरोबर भातशेती बघतो. मी भोरला कचेरीत कारकून, म्हणजे नात्यात कायद्याचा जाणकार, म्हणून साक्षीदार. पहिल्या तालमीला मला खरंच रडू आलं. टॉवेलखालून आवाज आला, "भाच्या, आवर. विहिरीचं ऱ्हायलंय."

मयत बारकाईनं ऐकायचं. पोरं तोलूनमापून बोलू लागली की म्हणायचं, आसं नगं, खरं भांडा. एकदा म्हशीवरून खरंच जुंपली, तेव्हा मामा उठून बसले, म्हैस कुणाची ते सांगितलं आणि पुन्हा मेले. मामी आतून विचारायच्या, "मयताला च्या लागंल का?" मयताला लागायचा.

असं करत खाचरं, विहीर, झाडं सगळं मार्गी लागलं. मग एका रविवारी टॉवेलखालून प्रश्न आला, "आन् तुमची आई?"

यावर मात्र पोरांचं झटक्यात जमलं. एक महिना पुण्यात, एक महिना हितं. अगदी समसमान. मी साक्षीदाराच्या रुबाबात मान डोलावली.

टॉवेल जरासा वर झाला. मग, "आन् धोंड्याचा महिना आला म्हंजे?"

आम्ही हसलो. अधिक महिना कुणाच्या वाट्याला, हा मामांचा विनोदच वाटला. सुरेश म्हणाला, रमेशकडं. रमेश म्हणाला, का, तुज्याकडं का न्हाई? तोही हसत हसतच.

मामा उठून बसले. त्यांची आई अशीच महिन्यामहिन्यानं राहायची, कधी त्यांच्याकडे, कधी त्यांच्या भावाकडे. एका वर्षी धोंड्याचा महिना आला. भाऊ म्हणाला तुझी पाळी, मामा म्हणाले तुझी. म्हातारी बोचकं घेऊन देवळाच्या पारावर जाऊन बसली. दिवेलागणीला मामींनी तिला हाताला धरून घरी आणलं.

"आमी दोगं महिनं मोजत बसलो," मामा म्हणाले. "तिला कुनी इच्यारलंच न्हाई."

पोरांनी माना खाली घातल्या. मीही माझी डोलावलेली मान कुठं ठेवावी, या विचारात पडलो.

त्याच आठवड्यात वेल्ह्याला मृत्युपत्र नोंदवलं. मामांनी स्वतः बांधलेलं घर मामींच्या नावे. आई कुठं जाणार नाही, पोरांनीच पाळीपाळीनं तिच्याकडे येऊन राहायचं, हेही त्यात घातलं. वकील म्हणाले, असं कुणी लिहीत नाही. मामा म्हणाले, म्हनूनच लिवा.

परतताना एसटीत मी मामींना सगळं समजावून सांगितलं, गरजेपेक्षा जास्त कायदेशीर भाषेत. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्यावरून वाकून मामांना विचारलं, "आन् धोंड्याच्या महिन्यात कोन येनार वो?"

मामा खिडकीबाहेर बघत होते.

"त्यो महिना माजा," ते म्हणाले. "म्या येईन."