रंगोजी चित्त्याचा न मोडणारा गिअरबॉक्स

मुलांनो, एका जंगलात पायांना काही किंमत उरली नव्हती. मध्ये बोलू नका, ऐका. जंगल म्हटलं की झाडं आणि झरे, असं तुम्हाला चित्रकलेच्या तासाला शिकवलंय. या जंगलात गॅरेज होतं.

त्याचं असं झालं, की सिंहमहाराजांना पळताना धाप लागायला लागली. आता राजाला धाप लागते, असं कोण म्हणणार? म्हणून महाराजांनी फर्मान काढलं, की पायांनी पळणं हे मागासलेपणाचं लक्षण आहे. यापुढे उन्हाळी शर्यत स्पोर्ट्स कारनेच होईल.

ही उन्हाळी शर्यत म्हणजे साधीसुधी भानगड नव्हती. चैत्र संपला की जंगलात एकच पाणवठा उरायचा. शर्यत त्याच्या काठावर संपायची आणि जिंकणाऱ्याचं कुटुंब पहिलं पाणी प्यायचं. बाकीचे त्याच्यामागून. सर्वांत शेवटच्याच्या वाट्याला चिखल यायचा.

पहिल्या पाण्याचा मान रंगोजी चित्त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. घरी बायको सुंदरा आणि दोन पिल्लं. पिल्लांचा हा पहिलाच उन्हाळा. मान गेला तर पोरं चिखल चाटतील, या विचाराने रंगोजीची झोप उडाली. त्याने गाडी घेतली, अस्वलाच्या गॅरेजात नेली आणि म्हणाला, "इंजिनाची ताकद दुप्पट कर."

अस्वलाने केली. इंजिन सुरू झालं तेव्हा वटवाघळं दिवसाढवळ्या उठून बसली. रंगोजीची छाती फुगली. त्याने पहिला गिअर टाकला, पाय दाबला आणि गाडीच्या पोटात कडकड झालं. गाडी जागच्या जागी. अस्वलाने खाली वाकून पाहिलं, तर गिअरबॉक्समधल्या चाकांचे दात तुटून पडले होते.

"इंजिन दुप्पट झालं, गिअरबॉक्स तोच राहिला," अस्वल म्हणालं. "त्याला एवढा जोर पेलवत नाही. दुसरा बघा."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इंजिनाचं विचारलंत."

रंगोजी सशाच्या दुकानात गेला. "आमचा माल हलका आणि झटपट," ससा म्हणाला. "गिअर कधी पडला ते तुम्हाला कळणारसुद्धा नाही." ते अगदी खरं निघालं. पहिल्याच वळणावर गिअर पडले, ते मागून येणाऱ्या कोल्ह्याने गोळा करून आणून दिले.

मग अजगराकडचा ऑटोमॅटिक झाला. "तुम्ही काही करायचं नाही, सगळं तोच ठरवतो," अजगर म्हणाला. त्याने ठरवलंही. इंजिनाचा सगळा जोर गिळला आणि चढाच्या मध्यावर स्वस्थ पडून राहिला. रंगोजीने गाडी ढकलत घरी आणली. माकडांनी रस्त्याच्या दुतर्फा बसून ही मिरवणूक पाहिली.

आता लक्ष द्या, गोष्ट इथेच बिघडते. एवढी अब्रू गेल्यावर रंगोजीच्या डोक्यात एकच प्रश्न उरला. गाडी पळेल का, हे विचारायचं तो विसरूनच गेला. तो हत्तीशेठकडे गेला आणि म्हणाला, "मोडणार नाही ना?"

हत्तीशेठनी ओंडके वाहणाऱ्या लॉरीचा गिअरबॉक्स पुढे ढकलला. "मोडला तर माझी सोंड कापा," ते म्हणाले.

बसवताना अस्वल कुरकुरलं. "रंगोजीराव, हा ओझं ओढायला आहे. इंजिन कितीही ओरडू दे, चाकं लॉरीच्याच चालीने फिरणार. शिवाय वजन बघा, गाडी आत्ताच वाकलीय. मधला काहीतरी बघू या का?"

"मोडणार नाही ना?"

"मोडणार नाही. पण..."

"बसव."

रात्री सुंदरा हळूच म्हणाली, "अहो, त्यापेक्षा महाराजांना विचारून एकदा पायांनीच पळून बघता का?"

"तुला यंत्रातलं काय कळतंय?" रंगोजी म्हणाला. हे वाक्य तुमच्या घरात कोण म्हणतं ते मला ठाऊक आहे. बोटं दाखवू नका.

शर्यतीचा दिवस उजाडला. रंगोजीच्या इंजिनाचा आवाज ऐकून सगळ्यांनीच आपापली इंजिनं दुप्पट करून घेतली होती. गिअरबॉक्सचं कुणी विचारलं नव्हतं आणि अस्वलाने सांगितलं नव्हतं. महाराजांनी झेंडा हलवला आणि सगळीकडून एकदम कडकड झालं. लांडगा, तरस, रानडुक्कर, सगळे जागच्या जागी. फक्त रंगोजीची गाडी हलली. बोंबलत हलली.

बाकीच्यांनी चार शिव्या हासडल्या, गाड्या तिथेच टाकल्या आणि पायवाटेने पाणवठ्याकडे निघाले. गाडीरस्ता डोंगराला वळसा घालून जात होता. रंगोजीला वाटेत एक कासव भेटलं. दोघांनी नमस्कार केला. बऱ्याच वेळाने पाहिलं तर कासव अजून शेजारीच होतं, म्हणून पुन्हा केला.

इकडे पाणवठ्यावर ऊन रणरणत होतं. महाराज म्हणाले, "विजेता येईपर्यंत कुणी पाण्याला तोंड लावायचं नाही. राजा काही स्पर्धक नसतो," आणि ते प्यायले. मग हत्तीशेठ पुढे झाले, कारण ते शर्यतीचे प्रायोजक होते. प्रायोजक बराच वेळ प्यायले. मग हरलेल्यांना उत्तेजनार्थ पाणी देण्यात आलं. मग प्रेक्षकांना, कारण प्रेक्षकांशिवाय शर्यतीला शोभा नाही.

सुंदरा पिल्लांना घेऊन पुढे सरकली, तर महाराजांनी पंजा आडवा घातला. "वहिनी, विजेत्याच्या कुटुंबाने विजेत्याबरोबरच प्यायचं. मान असतो तो." पिल्लं जिभा बाहेर काढून बसून राहिली.

दिवस कलला तेव्हा रंगोजी पोचला. टाळ्या वाजल्या. गळ्यात हार पडला. "पहिल्या पाण्याचा मान याही वर्षी रंगोजींचाच," महाराजांनी जाहीर केलं.

रंगोजी वाकला. समोर चिखल होता आणि चिखलात हत्तीच्या पायाचे ठसे होते. त्याने पिल्लांकडे पाहिलं आणि त्याला रडूच कोसळलं. सगळ्यांना वाटलं, आनंदाने रडतोय. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

"बघा," हत्तीशेठ म्हणाले, "मोडला का?"

सुंदराने एका पिल्लाला मानेला धरून उचललं, दुसऱ्याला पुढे घातलं आणि डोंगरापलीकडच्या नदीची वाट धरली.

"अगं थांब," रंगोजी मागून म्हणाला, "गाडीत बसा ना."

सुंदराने पिल्लू खाली ठेवलं. "नको," ती म्हणाली. "आम्हाला आज पोचायचंय."

तात्पर्य: इंजिनाची ताकद वाढवली, की गिअरबॉक्स चांगला कच्चा बघून घ्यावा. तो वेळेवर मोडतो आणि पाणी आहे तोवर चालत जाता येतं.