दुसऱ्या अंकातला रुमालवाला

नट एकदा नजरेखालून गेला की सत्यवतीबाई परांजप्यांच्या डोक्यात तो कायमचा मुक्कामाला यायचा! मग पुढे तो दाढी लावून येवो, लुगडं नेसून येवो, नाहीतर प्रेत होऊन चादरीखाली पडून राहो. एकदा तर चादरीबाहेर आलेल्या नुसत्या अंगठ्यावरून त्यांनी नट ओळखला होता! मध्यंतरात चौकशी केली, तर अंगठा खरोखरच त्याचा निघाला. तेव्हापासून पनवेलात त्यांचा असा दबदबा, की लाइन आळीपासून टपाल नाक्यापर्यंत कुठलीही बाई नाटकाचं तिकीट काढण्याआधी त्यांना गाठायची. "बाई, बघण्यासारखं आहे का हो?" बाईंनी मान डोलावली की प्रयोग हाउसफुल्ल. त्यांनी ओठ मुडपले की पुढच्या रांगेत फक्त डास!

गोष्ट एक्क्याण्णव सालची. दर गुरुवारी दुपारी बाईंच्या बाहेरच्या खोलीत 'रसिक भगिनी' जमायच्या. आदल्याच दिवशी दूरदर्शनवर सिनेमाच्या बक्षिसांचा सोहळा झाला होता, त्यामुळे त्या गुरुवारी चहा गार होईपर्यंत कुणी कपाला हात लावला नाही.

"ती रडली ना, ते साफ खोटं!" बँकेतली दिपा म्हणाली. "काजळ तसूभर पसरलं नाही."

"आणि तो? म्हणे, मला कल्पनाच नव्हती! मग खिशातून भाषणाचा कागद कसा निघाला?" हे संजना गुप्ते. पनवेलात बाईंच्या खालोखाल नाटकं त्यांनीच पाहिलेली, आणि हे 'खालोखाल' त्यांना चपलेतल्या खड्यासारखं टोचायचं.

"सगल्यांना दिलं," भीमाबाई चिवड्याची बशी पुढ्यात ओढत म्हणाल्या. त्या मूळच्या जवळच्याच ओवे गावच्या. "पन जो दर शिनेमात मोटारीचं दार उघडतो, त्याला काय नाय! आमी त्याला लहानपनापासून बगतो."

मुद्दा बिनतोड होता.

"मग आपणच देऊ या!" दिपा उसळून म्हणाली. "छोट्या भूमिकेचा पुरस्कार. रसिक भगिनींतर्फे. शाल, श्रीफळ आणि चांदीचा मुलामा दिलेला मुखवटा."

"पण कुणाला?"

आणि सगळ्या एका सुरात ओरडल्या, "रुमालवाला!"

महिन्यापूर्वी गावातल्या कमिटीनं शाळेच्या पटांगणात मंडप घालून मुंबईच्या एका कंपनीचं नाटक आणलं होतं. दुसऱ्या अंकात बाप-लेकाचं कडाक्याचं भांडण. लेक चहाचा कप घेऊन तणतणत सोफ्यावर आदळतो आणि कप ठेवतो थेट सोफ्याच्या हातावर. एवढ्यात उजव्या विंगेतून एक इसम येतो. पांढरा सदरा, भरघोस मिश्या, खांद्यावर चौकड्यांचा मोठा रुमाल. एक अक्षर बोलत नाही. कप उचलतो. रुमालानं सोफ्याचा हात पुसतो, पुन्हा पुसतो, तळव्यानं कापडाची लव सारखी करतो, लेकाकडे असा बघतो की त्या नटाला पुढचं वाक्यच आठवेना! आणि कप घेऊन निघून जातो. मंडपात टाळ्यांचा असा पाऊस पडला, की बाहेरचा भजीवाला कढई सोडून आत डोकावला.

"तो नोकर होता," दिपा म्हणाली.

"नोकर असता तर बोलला नसता? तो म्हणजे त्या घरातली मेलेली आई!" संजना म्हणाल्या.

"मिश्या होत्या त्याला!"

"प्रतीकाला मिश्या असू शकतात, दिपा."

"पण तो नट कोण?" कुणीतरी विचारलं. हँडबिलावर त्याचं नाव नव्हतं. सगळ्या माना सत्यवतीबाईंकडे वळल्या.

आणि इथेच घात झाला! कारण महिनाभर बाईंनाही हाच प्रश्न छळत होता. भाजी चिरताना, पूजा करताना, रिक्षात बसताना त्या मिश्या डोळ्यांपुढे यायच्या, पण नाव येत नव्हतं. त्यांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं. पण संजना गुप्त्यांसमोर 'माहीत नाही' म्हणायचं? त्यापेक्षा जीभ चावलेली बरी!

"इश्श, तो होय!" बाई म्हणाल्या. "मुंबईचा प्रायोगिक नट आहे. मी तीनदा पाहिलाय त्याला."

"हो का?" संजना गोड हसल्या. "मग बोलावणं तुमच्याकडेच. पुढच्या रविवारी, वाचनालयाच्या हॉलमध्ये. आणि नाही आला, तर म्हणू आपण, की अंगठा ओळखणं वेगळं नि माणूस ओळखणं वेगळं!"

भगिनी हसल्या. बाईंनाही हसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नाक्यावरचा एसटीडी बूथ गाठला. नाटक कंपनीचे व्यवस्थापक दादू म्हात्रे फोनवर आले. बाईंनी रुमालवाल्याचं वर्णन करताच ते पलीकडून ओरडले, "अहो, तो आमचा नाहीच! तुमच्या पनवेलचा आहे तो!"

"म्हणजे?"

"आम्हाला वाटलं, तुमच्या कमिटीनं हौसेनं कुणीतरी घुसवलाय. मी त्याला विंगेतच धरणार होतो, पण टाळी ऐकली आणि गप्प बसलो. बाई, त्या नाटकाला एकोणीस प्रयोगांत तिथं टाळी नव्हती! आता दर प्रयोगाला आमचा लाइटवाला तसाच रुमाल घेऊन जातो. मेला इतका जीव तोडून पुसतो, पण एक टाळी नाही!"

"पण तो माणूस कुणाबरोबर आला होता?"

"फर्निचरच्या टेम्पोत बघितल्यासारखा वाटतो. आम्ही कपडेपट आणि पडदे घेऊन फिरतो, बाई. सोफा-टेबल त्या त्या गावचं!"

कमिटीच्या गणूकडे चौकशी केली तेव्हा कळलं, की सोफा मोहल्ल्याच्या कोपऱ्यावरच्या नव्या दुकानातून आला होता. उन्हं उतरायच्या आत बाई दुकानात हजर! आत लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास आणि मधोमध, पारदर्शक प्लॅस्टिकखाली नव्या नवरीसारखा झाकून ठेवलेला तो सोफा. गर्द हिरवी मखमल. शेजारी मिश्या! खांद्यावर रुमाल!

"तुम्ही!" बाईंना दम लागला. "तुम्ही त्या नाटकात होतात!"

मिश्यांचा मालक, अय्यूब त्याचं नाव, चांगलाच घाबरला. "माफ करा, बाई. तुमी कमिटीच्या का? मला ठावं हाय, मी चुकलो. पन माझा इलाज नव्हता."

आतल्या दारातून त्याची बायको सकीना बाहेर आली. "मी तेव्हाच बोलले होते, लोक विचारायला येतील म्हनून! बसा बाई. त्या सोफ्यावर नको हां, हितं बसा."

हळूहळू हकिकत बाहेर आली. अय्यूब वीस वर्षं कुवेतला सुतारकाम करत होता. गेल्या साली तिथं लढाई पेटली आणि तो अंगावरच्या कपड्यांनिशी परत आला. दुकान, हत्यारं, साठवलेलं सामान, सगळं तिथंच राहिलं. बगलेत होतं तेवढं मखमलीचं एक ठाण. लेकीच्या, हिबाच्या निकाहसाठी घेतलेलं. इथं आल्यावर पहिलं काम त्यानं ते केलं. स्वतःच्या हातानं सोफा घडवला, त्यावर ती मखमल चढवली.

"कमिटीवाले बोलले, एक प्रयोगापुरता द्या, दुकानाचं नाव होईल. दिला. पन मन राहीना. विंगेत हुबा राहिलो, नजर ठेवून. आनि त्या पोरानं भरलेला कप ठेवला, बराबर मखमलीवर! मी सरळ पुढं आलो."

"अहो, पण तिथं नाटक चाललं होतं! दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं ना, बाई. पन भांडन खोटं होतं. चहा खरा होता."

उभ्या आयुष्यात अभिनयावर इतकं नेमकं बाईंनी कुणाकडून ऐकलं नव्हतं. मग त्यांना रविवार आठवला, संजना गुप्ते आठवल्या आणि त्यांनी पदर सावरून विनंती केली.

"बक्षीस?" अय्यूबनं रुमाल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकला. "कशाचं? पुसल्याचं?"

"या अल्ला!" सकीनानं कपाळाला हात लावला. "घरात आजपर्यंत एक बशी पुसली नाय या मानसानं! जा, घ्या बक्षीस. मी बघायला येते."

"मला बोलता येनार नाय, बाई."

"बोलायचं नाहीच! तुमची भूमिकाच मूक आहे. कुणी काही विचारलं तर एखादं वाक्य बोला आणि खाली बसा."

रविवारी वाचनालयाचा हॉल गच्च भरला. तळोज्याच्या कारखान्यातून पहिली पाळी संपवून आलेले लोक मागे उभे होते. दादू म्हात्रेही मुंबईहून मुद्दाम आले होते. अय्यूब इस्त्रीचा सदरा घालून, मुद्देमालासकट पकडल्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसला होता. बाईंनी ओळख करून दिली ती तारेवरून चालल्यासारखी. "यांचा प्रवेश... म्हणजे असा प्रवेश पूर्वी कुणी केलेला नाही," एवढं बोलून त्यांनी घाईघाईनं त्याच्या अंगावर शाल घातली.

पण संजना गुप्ते माइकपाशी पोचल्याच! "एक प्रश्न. या भूमिकेची तयारी तुम्ही कशी केलीत?"

बाईंनी हातातलं श्रीफळ घट्ट धरलं. अय्यूब उठला. त्यानं एकदा सकीनाकडे पाहिलं, एकदा छताकडे.

"सोफा माझा होता," तो म्हणाला आणि खाली बसला.

मग दिपानं टाळी वाजवली, आणि पुढे छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं!

"काय तादात्म्य!" संजना माइकमध्येच म्हणाल्या. "आपले नट पाठांतर करतात हो, आणि हे सोफाच आपला मानतात!"

दादू म्हात्रे तर तिथल्या तिथे मंचावर चढले. "उद्याचा प्रयोग ठाण्याला. लाइटवाल्याला मी परत लाइटवर पाठवतो. येणार का?"

अय्यूबनं भेदरून बाईंकडे पाहिलं. पण बाईंच्या आधी सकीनानंच होकार दिला. "जातील ना! तेवढीच ठानं बघतील."

दुसऱ्या दिवशी रसिक भगिनी मिनीबस करून ठाण्याला निघाल्या. कळंबोली मागे पडेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, "आपले अय्यूबसाहेब." सत्यवतीबाई मात्र खिडकीपाशी गप्प. त्यांना आता एकाच गोष्टीचं कुतूहल होतं. पनवेलला सोफा त्याचा होता. आज काय होणार?

दुसरा अंक सुरू झाला. भांडण पेटलं, लेक सोफ्यावर आदळला, कप हातावर आला. सोफा कंपनीच्या गोदामातला, तांबड्या रेक्झिनचा, एका पायानं लंगडा. अय्यूब विंगेतून आला. कपाकडे पाहिलं. सोफ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. वाकून त्यानं सोफ्याच्या लाकडावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, खालचा लंगडा पाय निरखला, 'अरेरे' अशी मान हलवली आणि कप तिथंच ठेवून चालता झाला!

प्रेक्षागृह गार पडलं. विंगेत दादू म्हात्रे दोन्ही हातांनी 'पुसा, पुसा' असं करत होते. बाईंनी डोळे मिटून घेतले.

आणि एकदम शेजारून कडकडून टाळी आली. संजना गुप्ते उभ्या राहिल्या होत्या! "आज पुसलं नाही! बघितलंत? त्यांनी नकार दिला! आतून पोखरलेलं घर आता पुसून काय उपयोग!" भगिनी उठल्या. मागच्या रांगा उठल्या. ठाण्याचं अख्खं प्रेक्षागृह टाळ्या वाजवायला लागलं. भीमाबाईंनी तर शिट्टी मारली.

मध्यंतरात बाईंना राहवलं नाही. इतकी वर्षं नाटकावर प्रेम केलेल्या बाईला हे सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि खालच्या आवाजात सांगून टाकलं, "अगं, तो नट नाहीये. त्याचं फर्निचरचं दुकान आहे. पनवेलला सोफा त्याचा होता म्हणून पुसला, आज नव्हता म्हणून नाही पुसला. मुंबईत मी त्याला कधी पाहिलेलंच नाही!"

भगिनी एकमेकींकडे बघू लागल्या. दिपानं हळूच बाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"अगं, खरंच सांगतेय!"

"वय झालं की होतं असं," संजना गुप्ते अत्यंत मायेनं म्हणाल्या. इतकी माया त्यांनी बाईंवर याआधी कधी केली नव्हती. "एवढा मोठा नट समोर असताना तुम्हाला तो फर्निचरवाला दिसला! नजर अधू होते हो माणसाची. पुढच्या गुरुवारपासून माझ्याकडे जमू या. तुम्हाला दगदग नको."

भीमाबाईंनी मान डोलावली. मान डोलावून नाटक पास करण्याचा अधिकार मात्र त्या दिवशी बाईंच्या हातून गेला तो गेलाच.

तेवढ्यात विंगेच्या दारातून अय्यूब बाहेर आला आणि बायकांची त्याच्याभोवती सहीसाठी हीऽऽ रांग लागली. बिचारा पेन उलटं धरून विचारत होता, "कशावर करू?" सत्यवतीबाई थोडा वेळ बाजूला उभ्या राहिल्या. मग निमूटपणे रांगेच्या शेवटी जाऊन त्यांनीही हँडबिल पुढे केलं.

करतात काय? परतीच्या बसमध्ये शेजारी कुणीतरी बसायला तर हवं होतं!